कुराण पहिल्यांदा वाचतोय, पण सलग वाचून हाती काही लागत नाहीये. सुरुवात कुठून करू?

नाशिकचा_वाचक

नमस्कार मंडळी. धर्मग्रंथ मुळातून वाचायचे असं ठरवलंय, म्हणजे कोणी काय सांगितलं त्यावर न जाता स्वतः. ज्ञानेश्वरी घरात होतीच, बायबलमधली शुभवर्तमानं वाचून झाली, आता कुराण घेतलंय. मराठी अनुवाद आहे, सोबत अरबी मजकूर आणि खाली टिपा. पहिली सूरह छोटीशी, सात आयतींची (आयत म्हणजे वचन), प्रार्थनाच आहे, ती फार आवडली. मग दुसरी सुरू केली, अल-बकरा, तिच्यात २८६ आयती आहेत आणि मी तिथेच अडकून पडलोय. आधी आदमची गोष्ट, मग हजरत मूसा आणि त्यांचे लोक, मग त्या गायीचा प्रसंग, मग नमाजाची दिशा बदलल्याचं, मग रोजे, मग हज, मग तलाक, मग व्याज, आणि शेवटाकडे उसन्या पैशाची लिखापढी कशी करायची ते. प्रत्येक गोष्ट वाचताना कळते पण एकातून दुसऱ्यात का गेलो तेच कळत नाही. शिवाय बोलतंय कोण? एकदा 'आम्ही' येतं, एकदा 'तो', मधेच 'सांग' असा हुकूम.

तर प्रश्न असे की क्रम कसा लावलाय, काळानुसार आहे का? सिपारा आणि सूरह हे वेगवेगळं काय आहे? आणि माझ्यासारख्या बिगरमुस्लिम माणसाने पुस्तक हाताळताना काही पाळायचं असतं का? कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीयेत म्हणून विचारतोय. ज्यांनी वाचलंय त्यांनीच लिहा प्लीज, वाद नको.


वाशिष्ठीकाठ

दादा, छान वाटलं तुमचा प्रश्न वाचून. मी कोकणी मुस्लिम, घरात कोकणी, शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडे कुठलंही मूल कुरआन पहिल्या पानापासून सलग वाचायला घेत नाही. आधी नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळख, आणि मग थेट तिसावा पारा, म्हणजे कुरआनच्या तीस भागांतला शेवटचा, ज्याला आम्ही अम्मा पारा म्हणतो. त्यात ७८ ते ११४ अशा ३७ सूरह आहेत, बहुतेक सगळ्या छोट्या छोट्या, काही तर तीनच आयतींच्या. मुलं त्या पाठ करतात, नमाजात त्याच म्हणतात, आणि मोठ्या सूरह नंतर येतात. तुम्हीही मागूनच सुरू करा असं मी सांगेन, आणि हे फक्त सोपं पडतं म्हणून नाही, या बहुतेक सूरह मक्केतल्या, सुरुवातीच्या काळातल्या आहेत, त्यामुळे ही सगळी हाक नक्की कशासाठी होती ते इथे सगळ्यात लख्ख दिसतं.

सूरह अद-दुहा (९३) घ्या. ११ आयती. पैगंबरसाहेबांकडे वही, म्हणजे देवाचा संदेश, यायची मधे काही काळ थांबली होती, विरोधक टोमणे मारत होते की तुझ्या देवाने तुला टाकलं. तेव्हा ही आली. आधी सकाळच्या उन्हाची आणि शांत रात्रीची शपथ, मग धीर, की तुझ्या रबने तुला सोडलेलं नाही आणि तो नाराजही नाही. मग आठवण करून देतो की तू अनाथ होतास, आम्ही आसरा दिला ना? (त्यांचे वडील जन्माआधीच गेले होते आणि आई ते सहा वर्षांचे असताना.) आणि लगेच पुढे, म्हणून तू अनाथावर जोर करू नकोस, मागायला आलेल्याला झिडकारू नकोस. हे सगळं एका श्वासात म्हणता येईल एवढ्यात आहे.

मग अल-माऊन (१०७) वाचा, सात आयती. धर्म नाकारणारा कोण? तर अनाथाला ढकलून देतो तो, गरिबाच्या जेवणाची काळजी करत नाही तो. आणि मग इशारा कोणाला, तर नमाज पढणाऱ्यांनाच, जे दाखवायला पढतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू द्यायला नकार देतात. अत-तकवीर (८१) मध्ये कयामतचं वर्णन आहे, सूर्य गुंडाळला जाईल, तारे गळून पडतील, समुद्र पेटतील, आणि या एवढ्या सगळ्या उलथापालथीत मधेच एक प्रश्न येतो, जिवंत पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल की तुला कुठल्या गुन्ह्यासाठी मारलं. त्या काळी अरबांमध्ये मुली जन्मताच पुरायची चाल होती. ही आयत वर्गात नव्हे पण घरी मुलींना मी नेहमी समजावून सांगते.

अजून एक, अबस (८०). पैगंबर कुरैश या मक्केतल्या टोळीच्या बड्या लोकांशी बोलत होते, त्यांना पटवायची धडपड चालली होती, तेवढ्यात एक आंधळा माणूस, अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम, काही शिकायला आला. त्यांच्या कपाळावर आठी आली, त्यांनी तोंड वळवलं. त्यावर ही सूरह आली आणि तिने त्यांनाच टोकलं, की जो बेफिकीर आहे त्याच्या मागे लागतोस आणि जो धावत तुझ्याकडे आला त्याच्याकडे दुर्लक्ष करतोस. स्वतःच्या पैगंबराला समजावणारी ही ओळ आजही रोज पढली जाते. मला या ग्रंथाबद्दल जे वाटतं त्यातलं पुष्कळसं या दहा-बारा आयतींमुळे वाटतं.

पाळायचं म्हणाल तर, अरबी मूळ प्रत हातात घेताना आम्ही वजू करतो, म्हणजे हात-तोंड-पाय धुतो, जुजदानात म्हणजे कापडी बस्त्यात गुंडाळून उंचावर ठेवतो, वाचताना रेहालवर म्हणजे लाकडी घडवंचीवर ठेवतो. तुमच्याकडे अनुवादासोबत अरबी मजकूरही आहे, तर हात धुऊन घ्या, जमिनीवर ठेवू नका, त्याच्यावर दुसरं काही रचू नका. एवढं केलंत तरी खूप आहे.


जुनी_पानं

वरच्या ताईंनी सांगितलंय तेच मी सांगणार होतो, मागून वाचा. मी फक्त इतिहासाच्या बाजूने क्रमाचं सांगतो कारण तुमचा तो प्रश्न एकदम रास्त आहे.

क्रम काळानुसार नाही. साधारण मोठ्या सूरह आधी, छोट्या नंतर, असा आहे, अगदी काटेकोर नाही, आणि अल-फातिहा ही छोटी असून सुरुवातीला, कारण ती प्रत्येक नमाजात म्हटली जाते. परंपरेनुसार पहिली वही आली ६१० मध्ये, मक्केजवळच्या हिरा गुहेत, त्या आयती आज ९६व्या सूरहच्या सुरुवातीला आहेत. तिथून ६३२ मध्ये पैगंबरांचं निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे २३ वर्षं, थोडं थोडं येत राहिलं. मधे ६२२ मध्ये हिजरत, मक्केहून मदिनेला. म्हणून सूरहंचे दोन गट पडतात, मक्की आणि मदनी, तुमच्या प्रतीत प्रत्येक सूरहच्या शीर्षकाजवळ ते लिहिलेलं असेल बघा. पारंपरिक मोजणीत ८६ मक्की, २८ मदनी.

आता हा फरक कळला की तुमचं अल-बकराचं कोडं बरंचसं सुटतं. मक्केत हे लोक मूठभर होते, छळ सोसत होते, त्यामुळे तिथल्या आयती देव एक आहे, हिशोब होणार आहे, गरिबाला विसरू नका, असं थेट काळजाला हात घालणाऱ्या, लहान, लयबद्ध. मदिनेत मात्र एक समाज उभा राहत होता, शेजारी ज्यू जमाती होत्या, मक्केशी युद्ध चालू होतं, घरं, लग्नं, वारसे, उधाऱ्या सगळं आलं. अल-बकरा बरीचशी मदिनेच्या सुरुवातीच्या वर्षांतली आहे. म्हणजे एका वाढत्या वस्तीला पडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं वर्षानुवर्षं साठत गेलेली तुम्ही एका बैठकीत वाचताय, दमछाक होणारच.

'बोलतंय कोण' याचं उत्तर, मुस्लिमांच्या श्रद्धेनुसार सगळं देवच बोलतो, जिब्रील फरिश्त्यामार्फत. 'आम्ही' हेही देवाचंच, मोठेपणाचं अनेकवचन. 'सांग' हा पैगंबरांना हुकूम आहे, तो तीनशेहून जास्त वेळा येतो. आणि 'आम्ही'वरून 'तो'वर असं मधेच सरकणं ही अरबी वक्तृत्वातली मान्य शैली आहे, ऐकणाऱ्याचं लक्ष खेचायला. लिहिलेल्या पुस्तकात ते खटकतं, समोर उभं राहून बोलणाऱ्याच्या तोंडी खटकत नाही.

पुस्तक म्हणून एकत्र आलं ते पैगंबरांच्या नंतर. हयातीत लोकांना पाठ होतं आणि खजुराच्या झावळ्यांच्या देठांवर, चपट्या दगडांवर, कातड्यावर, उंटाच्या खांद्याच्या हाडांवर तुकड्या-तुकड्यांनी लिहिलेलं होतं. यमामाच्या लढाईत बरेच पाठ असणारे लोक मारले गेले तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी, हजरत उमर यांच्या आग्रहावरून, झैद इब्न साबित यांना हे सगळं गोळा करायला सांगितलं. ते संकलन पुढे पैगंबरांच्या पत्नी हफ्सा यांच्याकडे राहिलं. नंतर तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात, साधारण ६५० च्या आसपास, राज्य पसरलं आणि वेगवेगळ्या भागांत वाचनावरून वाद व्हायला लागले, म्हणून त्याच प्रतीवरून प्रमाण प्रती करून कूफा, बसरा, दमास्कस वगैरे शहरांना पाठवल्या आणि बाकीच्या प्रती जाळून टाकायला सांगितल्या. हे मुस्लिम परंपराच सांगते, लपवलेलं काही नाही.

जुन्या पानांचं म्हणाल तर बर्मिंगहॅम विद्यापीठात दोन पानं आहेत, १८ ते २० या सूरहंमधला मजकूर असलेली, २०१५ मध्ये त्यांचा गाजावाजा झाला होता. कार्बन तपासणीत चामडं ५६८ ते ६४५ या काळातलं निघालं. लक्षात घ्या की हे वय चामड्याचं, शाईचं नव्हे. आणि येमेनच्या सना शहरातल्या मोठ्या मशिदीत १९७२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी जुन्या पानांचा ढीग सापडला, त्यातल्या काही पानांवर आधीचा मजकूर पुसून वर पुन्हा कुराणच लिहिलंय, आणि खालच्या मजकुरात काही शब्द आणि सूरहंचा क्रम आजच्यापेक्षा वेगळा आहे. अभ्यासकांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

सिपारा किंवा पारा म्हणजे वाचायच्या सोयीसाठी केलेले ३० सारखे भाग, महिन्याभरात पुरं व्हावं म्हणून. त्याचा अर्थाशी संबंध नाही, पारा कधी सूरहच्या मधेच संपतो. सूरह म्हणजे अध्याय, ही खरी रचना, एकूण ११४.


कराड_पुणे_कराड

मी मुस्लिम नाही, दोन वर्षांपूर्वी वाचलं. सगळ्यांचं बरोबर आहे पण ज्याला गोष्टीची सवय आहे त्याने सूरह यूसुफ (१२) पासून सुरू करावं असं माझं ठाम मत. १११ आयती आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कथा, सलग, असं दुसऱ्या कुठल्याच मोठ्या सूरहमध्ये नाही. तुम्ही बायबल वाचलंय तर योसेफची गोष्ट माहीतच असेल, भाऊ विहिरीत टाकतात, मिसरमध्ये विकला जातो, मालकाची बायको मागे लागते, तुरुंग, राजाचं सात लठ्ठ आणि सात रोड गायींचं स्वप्न.

पण वाचताना त्याच्या सदऱ्यावर लक्ष ठेवा. पहिल्यांदा भाऊ तो सदरा खोट्या रक्ताने माखून बापाला दाखवतात, लांडग्याने खाल्लं म्हणून. दुसऱ्यांदा मालकाची बायको पळणाऱ्या यूसुफचा सदरा मागून ओढते, तो फाटतो, आणि घरातलाच एक जण म्हणतो की पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर हा खरा, आणि तिथे तो निर्दोष ठरतो. तिसऱ्यांदा शेवटी यूसुफ स्वतःचा सदरा पाठवतो, तो रडून रडून आंधळ्या झालेल्या बापाच्या तोंडावर टाकतात आणि त्याची दृष्टी परत येते. खोटा पुरावा, खरा पुरावा आणि मग औषध, हे सगळं त्या सदऱ्याने केलं. आणि कुराण हे कुठेही समजावून सांगत नाही, फक्त प्रसंग ठेवतं समोर. मी दुसऱ्यांदा वाचताना मला हे दिसलं आणि त्या रात्री मी पूर्ण सूरह पुन्हा वाचून काढली.

त्यानंतर सूरह मरयम (१९). ती एकटी, खजुराच्या झाडाखाली, कळा सोसत म्हणते की याच्या आधीच मेले असते तर बरं झालं असतं, आणि खालून आवाज येतो की दुःख करू नको, हे खोड हलव, ताजा खजूर पडेल, खा, पी. येशूच्या जन्माची ही गोष्ट शुभवर्तमानात अशी नाहीये. संपूर्ण कुराणात नावाने उल्लेख असलेली बाई ती एकटीच.


नाशिकचा_वाचक

मनापासून आभार सगळ्यांचे. अद-दुहा आणि अबस दोन्ही वाचल्या, ताई तुम्ही म्हणालात ते पटलं, अबस वाचून खरंच थांबलो. आता यूसुफ सुरू करतोय.

एक अवघड प्रश्न विचारू का? आपल्या सगळ्यांच्या फोनवर फॉरवर्ड येतात, "दिसतील तिथे मारा" वगैरे, सूरहचा नंबर टाकून. नंबर खरा असतो, मी जाऊन बघितलं, ओळ आहे तिथे. मग ती कशी वाचायची? आणि दुसरं, मुस्लिम मित्र बोलताना कधी कुराण म्हणतात कधी हदीस, दोन्ही एकच धरायचं का?


कोर्टाची_पायरी

वकिली करतो, मुस्लिम आहे, सोलापूर. तुम्ही जाऊन ओळ बघितलीत हेच मोठं आहे.

ती आयत म्हणजे ९:५, नवव्या सूरहची पाचवी. आम्ही कायद्याचं कलम वाचताना आधीचं आणि नंतरचं पोटकलम वाचल्याशिवाय बोलत नाही, तसंच इथे करा. ९:४ म्हणते की ज्या मूर्तिपूजक टोळ्यांनी तुमच्याशी केलेला करार पाळला त्यांच्याशी तुम्हीही मुदतीपर्यंत पाळा. ९:५ मध्ये तो लढाईचा हुकूम. आणि लगेच ९:६, की त्यांच्यातला कोणी आसरा मागायला आला तर त्याला आसरा दे, देवाची वाणी ऐकू दे आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित जागी पोचव. पुढे ९:१३ मध्ये कारणही दिलंय, की ज्यांनी शपथा मोडल्या आणि पहिली कुरापत काढली अशांशी. म्हणजे हा ६३१ च्या सुमाराचा, अरबस्तानातल्या ठराविक टोळ्यांशी चाललेल्या संघर्षातला हुकूम आहे. सोबत २:१९० वाचा, जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा पण मर्यादा ओलांडू नका, आणि ६०:८, ज्यांनी धर्मावरून तुमच्याशी लढाई केली नाही, घरातून हाकललं नाही त्यांच्याशी चांगलं वागायला आणि न्यायाने वागायला देव मनाई करत नाही.

पण हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की जुन्या काही विद्वानांनी ९:५ मुळे आधीच्या सौम्य आयती रद्द झाल्या असं मत मांडलं होतं, आणि इतर अनेकांनी ते अजिबात मान्य केलं नाही. हिंसा करणारे गट पहिल्या मताचा आधार घेतात. त्यामुळे फॉरवर्डवाले आणि ते गट दोघेही आयत एकाच पद्धतीने वाचतात, मागचं पुढचं कापून, आणि याची मला मनापासून चीड आहे.

कायद्याच्या आयती एकूण ग्रंथात कमीच आहेत, पण ज्या आहेत त्या बारीक तपशिलाच्या. तुम्ही अडकलात ती २:२८२ पूर्ण कुराणातली सगळ्यात लांब आयत आहे, आणि विषय काय, तर उधार दिलं-घेतलं की लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने प्रामाणिक लिहावं, मजकूर ऋणकोने सांगावा, रक्कम लहान असो मोठी असो लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार घ्या, आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास देऊ नका. रोज कोर्टात भावाभावांचे तोंडी व्यवहार फसलेले बघतो म्हणून मला ही आयत फार जवळची. त्यातच एका पुरुषाऐवजी दोन बायकांच्या साक्षीचं येतं, त्यावर आज मुस्लिमांमध्येही मोठी चर्चा आहे, कोणी ते तेव्हाच्या व्यापारी परिस्थितीपुरतं मानतं कोणी कायमचं. वारशात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा (४:११) आणि नवरा-बायकोच्या भांडणाबद्दलची ४:३४ याही आयती आजच्या वाचकाला अडतात. त्यांच्याजवळ थांबा, दोन-तीन अनुवाद शेजारी ठेवून बघा, पटकन पुढे जाऊ नका.

तलाकचं बघा. २:२२९ आणि सूरह अत-तलाक (६५) मध्ये टप्पे आहेत, इद्दतचे, म्हणजे तलाकनंतर बायकोने थांबायच्या मुदतीचे, दिवस मोजा, घरातून काढू नका, दोन साक्षीदार ठेवा, आणि त्याआधी ४:३५ मध्ये दोन्हीकडच्या घरातला एकेक मध्यस्थ बसवा असं आहे. एका दमात तीनदा म्हणून संपवायचा प्रकार कुराणात नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन अशा मताने तो रद्द केला तेव्हा निकालात याच सूरहंचा आधार घेतलेला आहे.

हदीस वेगळी. कुरआन हे देवाचं वचन, हदीस म्हणजे पैगंबर काय म्हणाले, कसे वागले याच्या आठवणी, सांगणाऱ्यांच्या साखळीसकट नंतर जमा केलेल्या, आणि त्यात पक्की, कच्ची अशी प्रतवारी असते. नमाज पढा हे कुरआनात वारंवार आहे पण कुठल्या नमाजात किती रकात (नमाजाची आवर्तनं) ते तिथे नाही, ते हदीस आणि चालत आलेल्या रिवाजातून येतं. म्हणून दोन्ही लागतात, पण दर्जा एक नाही.


जुनी_पानं

अनुवादांबद्दल थोडं, कारण दोन-तीन शेजारी ठेवा हा सल्ला फार चांगला आहे. आपल्याकडे दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी १८व्या शतकात फारसीत अनुवाद केला, आणि त्यांच्या मुलांनी, शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी, उर्दूत. म्हणजे बापाने शिकलेल्या लोकांच्या भाषेत आणला, मुलांनी बाजाराच्या भाषेत. इंग्रजीतले दोन अगदी गाजलेले अनुवादक मुंबईशी जोडलेले आहेत हे फार जणांना ठाऊक नसतं. अब्दुल्लाह यूसुफ अली यांचा जन्मच १८७२ चा मुंबईतला. आणि मार्माड्यूक पिकथॉल हे इस्लाम स्वीकारलेले इंग्रज, ते मुंबईत बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक होते, मग हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेले, त्यांचा अनुवाद १९३० मध्ये आला. मराठी वाचकासाठी विनोबांचं 'कुराण-सार' आहेच, त्यांनी अरबी शिकून, मूळ वाचून, निवडक आयती विषयवार लावल्या आहेत. पूर्ण ग्रंथाला पर्याय नाही तो, पण एखादा विषय एका जागी बघायचा असेल तर फार उपयोगी. तुम्हाला जी विषयांची उडी त्रास देते ती त्यात नाही.


वाशिष्ठीकाठ

दादा अजून एक सांगते, नुसतं वाचू नका, ऐका. फोनवर कुठलीही चांगली तिलावत, म्हणजे कुरआनपठण, लावा, पुढ्यात अनुवाद ठेवा आणि सूरह अर-रहमान (५५) ऐका. ७८ आयती आहेत, त्यात एकच ओळ ३१ वेळा येते, "फबि अय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज्जिबान", तुम्ही दोघं आपल्या रबची कुठली कुठली देणगी नाकाराल. कागदावर वाचलं तर वाटेल किती वेळा तेच. ऐकताना दर वेळी आधी नवं काही येतं, कधी समुद्रातले मोती, कधी फळं, कधी आग, आणि मग ती ओळ, आणि प्रत्येक वेळी ती वेगळी लागते.

रमजानात तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या खास नमाजात हाफीज साहेब (ज्यांना सगळं कुरआन पाठ असतं ते) पूर्ण कुरआन पाठ म्हणतात, बहुतेक ठिकाणी रोज साधारण एक पारा, मुंबईत धंदेवाल्यांसाठी काही जागी दहा दिवसांतही पूर्ण करतात. त्यांच्या मागच्या ओळीत दुसरा एक हाफीज मुद्दाम उभा असतो. पुढच्याची एक आयत जरी निसटली, साधी एक मात्रा जरी चुकली, तरी मागचा लगेच आवाज देऊन बरोबर शब्द सांगतो, त्याला लुकमा देणं म्हणतात, आणि पुढचा तिथूनच दुरुस्त करून पुढे जातो. कोणी मनाला लावून घेत नाही. आमच्या मोहल्ल्यात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वयस्कर इमामांना लुकमा देताना मी बायकांच्या बाजूने ऐकलाय. वर जुन्या पानांचा विषय निघाला म्हणून सांगते, लिहिलेल्या पानांच्या इतकाच हा पाठांतराचा पहारा आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आणि एक गंमतशीर नाही पण गोड गोष्ट, आम्ही कोकणी लोक शाफई, बाकी महाराष्ट्रातले बरेचसे मुस्लिम हनफी (या इस्लामी कायद्याच्या दोन परंपरा). काही आयती वाचल्या की लगेच सजदा करायचा, म्हणजे जमिनीला कपाळ टेकायचं असतं, समासात 'सजदा' असं छापलेलं असतं. सूरह अल-हज (२२) मध्ये दोन जागी आहे, ७७व्या आयतीजवळच्या सजद्याला आपल्याकडच्या छापील प्रतीत समासात "इमाम शाफईंच्या मते" असं अरबीत लिहिलेलं असतं. हनफी वाचणारा तिथे पुढे जातो, आम्ही सजदा करतो. प्रत तीच. लहानपणी अब्बांनी ते बोट ठेवून दाखवलं होतं की बघ, इथे आपलं नाव आहे.


अक्षरवेडा

मधेच येतोय, धागा मस्त चाललाय. मला अरबी येत नाही, पण मित्राच्या घरी प्रत बघितली होती, समासात ع सारखं एक चिन्ह आणि त्याच्या वर, पोटात, खाली आकडे. आणि दुसऱ्या सूरहच्या पहिल्याच ओळीत तीन ठिपक्यांचा त्रिकोण दोनदा जवळजवळ. हे काय आहे कोणी सांगेल का?


वाशिष्ठीकाठ

भाऊ, ते चिन्ह ऐन अक्षराचं, रुकूचं. एक विषय साधारण जिथे पुरा होतो तिथे असतं, नमाजात तिथपर्यंत पढून रुकूत, म्हणजे कमरेत वाकायच्या स्थितीत, जाता येतं म्हणून. वरचा आकडा त्या सूरहमधला कितवा रुकू, मधला त्या रुकूत आयती किती, खालचा पाऱ्यातला कितवा. नाशिकचे दादा, तुमच्या प्रतीत असेल तर अल-बकरा रुकू-रुकूने वाचा, एका बैठकीला एकच, मग उड्या एवढ्या जाणवणार नाहीत.

तीन ठिपक्यांचं असं की ती थांबायची खूण आहे, दोनपैकी एकाच जागी थांबायचं, दोन्हीकडे नाही. २:२ मध्ये "ला रैब" नंतर एक आणि "फीह" नंतर एक. पहिल्यावर थांबलात तर होतं, हा ग्रंथ आहे यात शंका नाही, त्यात मार्गदर्शन आहे देवाला भिऊन वागणाऱ्यांना. दुसऱ्यावर थांबलात तर, हा ग्रंथ, यात कसलीच शंका नाही, मार्गदर्शन आहे देवाला भिऊन वागणाऱ्यांना. दोन्ही बरोबर. आमच्या उस्तादांनी आधी एका दिवशी एक थांबा पाठ करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा.